इटालियन 'कोन्जुन्तीवो'मधली अनियमित क्रियापदं तोंडात कशी बसवायची?

मृदुला_क्रेमोना

नमस्कार मंडळी,

मी गेली नऊ वर्षं इटलीत, क्रेमोनाला राहते. भाजीबाजार, बस, दवाखाना, मुलाची शाळा, सगळं इटालियनमध्ये निभतं. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. २०१८ अखेरच्या कायद्यापासून त्याला इटालियन भाषेचं बी-१ पातळीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे 'कोन्जुन्तीवो प्रेझेन्ते' आलं आणि माझं घोडं अडलं.

ज्यांना इटालियन येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'मला वाटतं की', 'मला हवं आहे की', 'बरं होईल जर', 'त्याआधी', 'जरी' अशा शब्दांनंतर क्रियापद नेहमीचं रूप सोडून वेगळं रूप घेतं. नियमित क्रियापदांचं जमतं. पण रोज लागणारी क्रियापदंच नेमकी अनियमित आहेत: असणे, जाणे, येणे, करणे, देणे, राहणे, म्हणणे, शकणे.

मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेत बाईंना सांगायचं होतं, 'त्याने आठवडाभर घरी राहावं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.' 'इल मेदिको वुओले के...' इथपर्यंत सुरळीत आले. पुढे 'स्ता' की 'स्ती' की 'स्तीआ'? तक्त्यातली सगळी रूपं एकदम जिभेवर गोळा झाली. शेवटी नुसतं 'अ कासा, अ कासा' म्हणत राहिले. बाईंना कळलं, त्यांनी छान समजून घेतलं. पण घरी येईपर्यंत मला चैन पडेना. तक्ता मला पाठ आहे. डोळे मिटून म्हणून दाखवीन. बोलताना मात्र तो कामाला येत नाही.

तुम्ही कसं केलंत? तक्त्याशिवाय दुसरा रस्ता आहे का?

तुषार_तोरिनो

मृदुलाताई, तक्ता बाजूला ठेवा. 'मी'चं साधं वर्तमानकाळी रूप तुम्हाला झोपेतही येत असणार. त्याच्या शेवटचा 'ओ' काढा आणि 'आ' लावा.

मी जातो: वादो. त्यावरून वादा.
मी येतो: वेन्गो, वेन्गा.
मी करतो: फाच्चो, फाच्चा.
मी म्हणतो: दीको, दीका.
मी शकतो: पोस्सो, पोस्सा.
मला हवं: वोल्ल्यो, वोल्ल्या.
मी बाहेर पडतो: एस्को, एस्का.

राहिमान्गो, साल्गो, तेन्गो, शेल्गो (राहतो, चढतो, धरतो, निवडतो) ही मंडळीही अशीच. 'मी मरतो'चं म्वोयो, त्याचं म्वोया. बघा, अनियमितपणा सगळा 'मी'च्या रूपात आधीच होऊन गेलेला आहे आणि तो आपण पहिल्या वर्षीच पचवलेला आहे. आता नवीन काही नाही, फक्त शेवटचा स्वर बदलायचा.

आणि मी, तू, तो या तिघांनाही तेच एक रूप.

शब्दवेडी

तुषार, 'राहिमान्गो' नाही, 'रिमान्गो'. मराठी 'राहणे' आत घुसलं बहुतेक! बाकी सगळ्याला अनुमोदन. वाचनखूण साठवली.

तुषार_तोरिनो

हो हो, रिमान्गो. अर्थ 'राहतो' असाच असल्याने बोटं घसरली. लक्षात ठेवायला मात्र हे उत्तम आहे.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

मी पुण्यात बरीच वर्षं इटालियन शिकवतो. तुषार यांची युक्ती बरोबर आहे, मीही वर्गात हीच सांगतो. पण ती जिथे चालत नाही ती पाच नावं आधी वेगळी काढून ठेवली पाहिजेत, कारण नेमकी तीच दिवसातून शंभर वेळा लागतात.

एस्सेरे (असणे): सोनो, पण सीआ.
आवेरे (जवळ असणे): ओ, पण आब्ब्या.
सापेरे (माहीत असणे): सो, पण साप्प्या.
दारे (देणे): दो, पण दीआ.
स्तारे (राहणे): स्तो, पण स्तीआ.

पाचांच्याही 'मी'च्या रूपात एक खूण आहे. ओ, सो, दो, स्तो ही एका अक्षराची रूपं. इतकं आखूड रूप दिसलं की युक्ती लावायची नाही. 'सोनो' तर सगळ्याच बाबतीत वेगळं. सहावं दोवेरे (लागणे, भाग असणे). त्याचं देवो वरून 'देवा' होतं आणि ते चुकीचं नाही, पण लोकांच्या तोंडी 'देब्बा' जास्त आहे.

अनेकवचनाचं बघू. 'आम्ही'चं रूप साध्या वर्तमानकाळातलंच राहतं, कोणतंही क्रियापद घ्या: स्यामो, आब्ब्यामो, आन्द्यामो, फाच्चामो. त्यातलं 'मो' काढून 'ते' लावलं की 'तुम्ही'चं रूप तयार: स्याते, आब्ब्याते, आन्द्याते, फाच्चाते. आणि 'ते' या सर्वनामासाठी एकवचनाला 'नो' जोडायचा: सीआनो, वादानो, वेन्गानो. इथे एक मोठी चूक होते. मराठी माणूस 'वादानो' म्हणताना 'दा'वर जोर देतो. जोर 'वा'वरच राहिला पाहिजे. आब्ब्यानोचा 'आ'वर, वेन्गानोचा 'वे'वर, पोस्सानोचा 'पो'वर. एकवचनात जिथे होता तिथून तो हलत नाही. जोर चुकला तर रूप बरोबर असूनही समोरचा क्षणभर थबकतो.

मृदुलाताई, तुमचं वाक्य: इल मेदिको वुओले के स्तीआ अ कासा.

अमोल_मिलानो

मी वेगळं सांगतो. सहा वर्षं मिलानमध्ये ऑफिसात काम करतोय. 'पेन्सो के' (मला वाटतं की) म्हणायचंच नाही. 'सेकोन्दो मे' म्हणायचं, म्हणजे 'माझ्या मते'. त्यानंतर साधा वर्तमानकाळ चालतो आणि तो शंभर टक्के शुद्ध असतो. 'बेन्के' (जरी) ऐवजी 'आन्के से' घ्या, तिथेही साधं रूप. 'फोर्से' म्हणजे कदाचित, तिथेही साधं. माणूस बोलता राहतो, वाक्य अडत नाही, आणि कुणालाही काही खटकत नाही.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

अमोल, मीटिंगमध्ये निभावून न्यायला हे ठीक आहे आणि तुम्ही सांगितलेली तिन्ही उदाहरणं व्याकरणाने बरोबर आहेत. पण 'त्याने यावं असं मला हवंय' हे 'सेकोन्दो मे'ने कसं सांगणार? इच्छा, गरज, भीती, आशा यांना पळवाट नाही. 'बिझोन्या के' (गरजेचं आहे की), 'स्पेरो के' (आशा आहे की), 'प्रीमा के' (त्याआधी की), 'पुर्के' (एवढंच की) हे रोज लागणारच. मृदुलाताईंचं अडलेलं वाक्यसुद्धा इच्छेचंच होतं.

अमोल_मिलानो

इच्छेचं मान्य. तिथे मीसुद्धा कोन्जुन्तीवोच वापरतो. मत सांगतानाची भीती घालवायला म्हणून सांगितलं. नवीन माणूस पहिल्या दिवसापासून अचूक बोलायला गेला तर तो बोलतच नाही, हे मी माझ्याच टीममध्ये बघितलंय.

नेत्रा_ए

अनुभव सांगते. पहिल्या वर्षी डोळे तपासायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, 'मि फाच्चा वेदेरे.' मला 'फाच्चा' म्हणजे चेहरा एवढंच माहीत होतं (तोही शब्द आहेच, फाच्चा म्हणजे चेहरा). मला वाटलं, चेहरा दाखवा म्हणतायत. हनुवटी वर करून बसले. ते पुन्हा म्हणाले, 'मि फाच्चा वेदेरे.' मी आणखी वर केली. शेवटी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा कळलं की माझा जुना चष्मा बघायला मागतायत. 'मला बघू द्या' असं ते वाक्य होतं.

त्या दिवसानंतर फाच्चा कधीच विसरले नाही. आणि त्याच दिवशी हेही कळलं की दुकानात, बँकेत, दवाखान्यात जे जे आपल्याला आदराने सांगितलं जातं ते सगळं कोन्जुन्तीवोच असतं. वेन्गा. दीका. वादा. स्तीआ. आब्ब्या पात्सिएन्त्सा (धीर धरा). आपण ते दिवसभर ऐकतो, फक्त ओळखत नाही.

मृदुला_क्रेमोना

नेत्रा, हे तर डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं! पोस्टातल्या खिडकीतली बाई रोज 'मि दीका' म्हणते. मी त्याला फक्त 'बोला' समजत होते.

दंडान्वय

नेत्राताईंनी महत्त्वाच्या जागी बोट ठेवलं आहे. इटालियनमध्ये अनोळखी किंवा मोठ्या माणसाला 'लेई' म्हणतात, आणि त्या 'लेई'ला आज्ञा करायची तर आज्ञार्थाचं वेगळं रूप नसतं, कोन्जुन्तीवोच वापरतात. मराठीतही नेमकं हेच आहे. घरात पाहुणा आला की जुन्या वळणाचा माणूस 'या' म्हणत नाही, 'यावं, बसावं' म्हणतो. आदर दाखवायचा तर आपणही आज्ञार्थ टाकून विध्यर्थ घेतो. वेन्गा म्हणजे 'यावं'. दीका म्हणजे 'बोलावं'.

शाळेत आपण चार अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. कोन्जुन्तीवोची कामं मराठीत विध्यर्थ आणि आज्ञार्थातली '-वो'ची रूपं मिळून करतात. 'त्याने जावं' आणि 'तो जावो' दोन्ही इटालियनमध्ये 'वादा'.

थोडं अवांतर, पण मला सर्वात आवडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटालियन 'सीआ' हे लॅटिन 'सित्'च्या घराण्यातलं. जुन्या लॅटिनमध्ये तेच 'सिएत्' होतं. आणि ते संस्कृतातल्या 'स्यात्'चं सख्खं भावंड आहे. अस् धातूचं विधिलिङ्, तृतीय पुरुष एकवचन. जैनांच्या स्याद्वादातला 'स्यात्' तो हाच, 'असेलही' असं म्हणणारा. तेव्हा क्रेमोनाच्या शाळेत 'सीआ' म्हणताना आपण काही परकं म्हणत नाही.

शब्दवेडी

स्यात् आणि सीआ! हे वाचून अंगावर काटा आला. आणि 'तुम्ही'चं रूप तर 'स्याते' आहे!

दंडान्वय

'स्याते'चं साम्य वरवरचं आहे, ते 'ते' इटालियनमधल्या 'तुम्ही'चं चिन्ह. पण 'स्या'पर्यंत नातं खरं आहे.

गौरी_बोलोन्या

मराठीतला 'असावा' विसरू नका. 'तो घरी असावा' म्हणजे मला खात्री नाही, अंदाज आहे. 'क्रेदो के सीआ अ कासा' म्हणजे अगदी तेच. इतर क्रियापदांत मराठी माणूस 'मला वाटतं तो येतोय' असं साध्या रूपात बोलतो, म्हणून इटालियनमध्ये आपण चुकतो. पण 'असणे'च्या बाबतीत मराठी आपल्याला बरोबर जागी नेते. माझ्या मुलीला मी असंच शिकवलं: जिथे मराठीत 'असावा, असावी, असावं' म्हणता येतं तिथे डोळे झाकून सीआ. तिचं बिनचूक झालं.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

गौरीताई, ही माझ्या उद्याच्या वर्गात. परवानगी धरून चालतो.

एक भर घालतो. कर्ता एकच असेल तर कोन्जुन्तीवो येतच नाही. 'मी जाईन असं मला वाटतं' याला 'पेन्सो दी आन्दारे', तिथे 'पेन्सो के ईओ वादा' म्हणत नाहीत. दोन वाक्यांचे कर्ते वेगळे असले की मगच वादा.

वसईची_लेक

मी वसईची. आमच्या घरात प्रार्थना मराठीत होते, लहानपणापासून. माझी आत्या सिस्टर आहे, रोममध्ये वीस वर्षं रुग्णसेवा केली. ती सांगायची की इटालियन तिला सगळ्यात आधी 'पाद्रे नोस्त्रो'तून, म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या प्रार्थनेतून आली. सकाळ-संध्याकाळ म्हणायचं, मग तोंडात बसणारच.

त्यात बघा: 'सीआ सान्तिफिकातो इल तुओ नोमे, वेन्गा इल तुओ रेन्यो, सीआ फात्ता ला तुआ वोलोन्ता.' तीन ओळी, तीन कोन्जुन्तीवो, तिन्ही अनियमित. आणि मराठीत आम्ही म्हणतो, 'तुझे राज्य येवो', 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. येवो म्हणजे वेन्गा, होवो म्हणजे सीआ. आत्या म्हणायची, मला कधी नियम शिकावाच लागला नाही. 'येवो' म्हणताना जे मनात असतं तेच 'वेन्गा' म्हणताना असायचं.

दंडान्वय

किती सुंदर. आणि पसायदान आठवा. सांडो, वाढो, जडो, जावो, पाहो, लाहो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०. त्या मागण्यात एकापाठोपाठ एक येणारी ही सगळी '-ओ'ची रूपं. कोन्जुन्तीवो कशासाठी असतो ते मराठी मुलाला शाळेच्या प्रार्थनेतच कानावर पडतं.

म्हापशेकार

वसईच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. माझी आजी पोर्तुगीज काळातली, १९६१ पूर्वी शाळा शिकलेली. तिच्या 'पाद्रे नोस्सो'त पण तेच: 'सान्तिफिकादो सेजा', 'वेन्या आ नोस', 'सेजा फेइता'. सेजा म्हणजे सीआ, वेन्या म्हणजे वेन्गा. पोर्तुगीजमध्येही 'मी'च्या रूपावरून हेच होतं: फासो-फासा, दीगो-दीगा, पोस्सो-पोस्सा. आजीला इटालियनचा गंध नव्हता, पण टीव्हीवर पोपची मिस्सा लागली की ती अर्धं पुटपुटत सोबत म्हणायची.

ओंकार_र

एक गंमत. इटालियनमध्ये 'देवो' म्हणजे 'मला केलंच पाहिजे'. मराठीत 'देवो' म्हणजे 'देव देवो'. मग वर्गात आमचा मित्र म्हणाला, 'इकडे सगळं मलाच करायचंय, तिकडे सगळं देवानेच करायचंय!' आणि बघा ना, मराठीत इच्छेचा शेवट 'ओ', वस्तुस्थितीचा 'तो'. इटालियनमध्ये बरोबर उलट, 'मी करतो'चा शेवट 'ओ' आणि इच्छेचा 'आ'.

शब्दवेडी

आणि 'बाहेर पडणे'ला 'उश्शीरे'! आमच्या घरी बाहेर पडायचं म्हटलं की उशीर ठरलेलाच, तेव्हा मला हे क्रियापद पहिल्याच दिवशी पाठ झालं. उश्शीरे, एस्को, एस्का.

तुषार_तोरिनो

'उश्शीरे'चं 'एस्का' का होतं? म्हणजे उ कुठून ए झाला? मला हे कधीच कळलं नाही. आणि आन्दारेचं वादा तर दुसऱ्याच गावचं वाटतं.

दंडान्वय

वादा खरोखर दुसऱ्याच गावचं आहे. ते लॅटिन 'वादेरे'कडून आलं. 'आन्दारे'चा उगम निराळा. दोन क्रियापदांनी एक संसार थाटला: मी, तू, तो, ते यांना वादेरे, आम्ही-तुम्हीला आन्दारे. म्हणून वादा पण आन्द्यामो. मराठीत 'जातो' पण 'गेला', तसंच.

'एस्का' मूळचं. लॅटिन 'एक्सीरे' म्हणजे बाहेर जाणे, त्यात 'ए'च होता. 'उ' पुढे आला, इटालियनमध्ये दाराला 'उश्यो' हा जुना शब्द आहे त्याच्या ओढीने. जोर जिथे पहिल्या अक्षरावर पडतो तिथे ए टिकला: एस्को, एस्का, एस्कानो. जोर पुढे सरकला की उ: उश्श्यामो, उश्श्याते.

'मी'च्या रूपाचीच युक्ती का चालते तेही सांगतो. लॅटिनमधला 'क' पुढे ए किंवा इ आला की इटालियनमध्ये 'च' झाला: दीची, दीचे. पुढे ओ किंवा आ असला तर 'क' राहिला: दीको, दीका. म्हणून 'मी' आणि कोन्जुन्तीवो यांचं व्यंजन एकच. आणि आब्ब्या, साप्प्या, फाच्चा यांतली द्वित्तं? तिथे मूळ लॅटिन रूपात व्यंजनानंतर य-सारखा ध्वनी होता: हाबेआत्, सापिआत्, फाकिआत्. त्या य-ने आधीचं व्यंजन दुप्पट केलं. आपल्याकडे प्राकृतात काय झालं? सत्यचं सच्च, अद्यचं अज्ज, विद्याचं विज्जा. तोच खेळ. त्या अज्जपासून आपलं 'आज'. तेव्हा आब्ब्या म्हणताना ब दोनदा नीट दाबून म्हणा, तो दुहेरीपणा उगाच आलेला नाही.

मृदुला_क्रेमोना

दंडान्वयकाका, हे मी वर्गात आमच्या बाईंना सांगितलं तर त्या खूश होतील. फाच्चा आणि सच्च!

अमोल_मिलानो

पुन्हा एक मुद्दा, वाद म्हणून नाही. माझे दोन इटालियन सहकारी दिवसभर 'पेन्सो के ए' (ए म्हणजे साधं 'आहे') म्हणतात, 'पेन्सो के सीआ' नाही. दोघंही उच्चशिक्षित. मग आपणच एवढा घाम का गाळायचा?

गौरी_बोलोन्या

माझ्या सासूबाई इटालियन आहेत. नवऱ्याने जेवताना 'पेन्सो के ए' म्हटलं की त्या वाटी खाली ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, 'सीआ.' चाळिशीतल्या मुलाला! त्यांच्या पिढीला ते खरंच लागतं.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

दोन्ही खरं आहे. फ्रांचेस्को साबातीनी या भाषातज्ज्ञाने १९८५ मध्येच नोंदवलं होतं की सुशिक्षितांच्या बोलीतही असं साधं रूप रूळलं आहे. तेच पुढे आक्कादेम्या देल्ला क्रुस्काचे अध्यक्ष झाले. ही संस्था फ्लॉरेन्सची, १५८३ची. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. पीठ चाळून कोंडा बाजूला काढावा तशी भाषा चाळायची, म्हणून हे नाव, आणि त्यांच्या चिन्हात पीठ चाळायचं यंत्रच आहे. १६१२चा त्यांचा शब्दकोश युरोपातल्या पहिल्या मोठ्या कोशांपैकी. तर चाळणी हातात असलेल्या माणसानेच 'लोक असं बोलतात' हे लिहून ठेवलं.

पण अमोल, ही सूट मत सांगताना आहे. 'वोल्ल्यो के वा' (मला हवं की तो 'जातो', म्हणजे वादाऐवजी साधं रूप) कुणी सहजी खपवून घेत नाही. आणि बी-१, बी-२च्या लेखी परीक्षेत 'पेन्सो के ए' लिहिलं तर गुण जातात. परदेशी माणसाच्या तोंडून सीआ ऐकलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यासाठी शिकायचं.

नेत्रा_ए

आणि एक. इटालियन माणसं स्वतः 'वादी', 'फाच्ची', 'वेन्गी' अशा चुका करतात, त्यावर त्यांच्या सिनेमात पूर्वापार विनोद आहेत. पण ते का चुकतात ते कळल्यावर मला माझ्या चुका कळल्या. 'पार्लारे'चं कोन्जुन्तीवो 'पार्ली', 'मान्जारे'चं 'मान्जी', म्हणजे आरे-वाल्यांना शेवटी 'ई' लागतो. आन्दारे, फारे, दारे, स्तारे हेही आरे-वालेच दिसतात, म्हणून जीभ 'ई'कडे जाते. या चौघांना मात्र 'आ'. मृदुलाताई, तुम्हाला शाळेत 'स्ती' का सुचलं ते हेच.

मृदुला_क्रेमोना

अगदी हेच! पार्ली-मान्जी नुकतंच झालं होतं वर्गात.

ओंकार_र

विषयांतर: 'व्हीवा'सुद्धा कोन्जुन्तीवो आहे ना? जिवंत राहो, चिरायू होवो. इथे भिंतींवर दोन व्ही एकमेकांत गुंतवून काढलेले दिसतात, मला आधी तो इंग्रजी डब्ल्यू वाटायचा. ते 'व्हीवा' असतं. तेच उलटं काढलं की 'मुर्दाबाद'.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

हो, 'विवेरे'चं. आणि गोफ्फ्रेदो मामेलीने १८४७ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या राष्ट्रगीतात 'पोर्गा' आहे. 'पोर्जेरे' म्हणजे पुढे करणे, पोर्गो-पोर्गा. तुषार यांच्या युक्तीत चपखल. फुटबॉलच्या सामन्याआधी सगळा संघ एका सुरात कोन्जुन्तीवो म्हणतो!

शब्दवेडी

विषय चांगला रंगला, पण मृदुलाच्या मूळ प्रश्नाचं काय? तिला 'बोलताना' अडतंय. नियम तर तिला आता आमच्यापेक्षा जास्त माहीत झाले.

वसईची_लेक

मी सांगते, आत्याने मला जे करायला लावलं ते. सुटं रूप म्हणायचंच नाही. पूर्ण वाक्य म्हणायचं, आणि तेही रोज प्रत्यक्ष लागणारं. 'मि दीआ दुए एत्ती दी प्रोश्शुत्तो' (दोनशे ग्रॅम हॅम द्या, एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम). 'मि फाच्चा सापेरे' (मला कळवा). 'तेन्गा' (हे घ्या). 'के ईओ साप्प्या' (माझ्या माहितीप्रमाणे). 'स्पेरो के तु स्तीआ बेने' (तू बरी असशील अशी आशा). दहा वाक्यं, महिनाभर. जीभ एकदा त्या वळणावर गेली की 'के' म्हटल्याबरोबर पुढचं आपोआप येतं. आत्या भाकरी थापता थापता म्हणायची.

नेत्रा_ए

आणि दुकानात 'तु' नाही, 'लेई' वापरा. मग दर वाक्यात सराव होतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मृदुला_क्रेमोना (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय झालं ते सांगायलाच हवं.

वसईच्या ताईंची दहा वाक्यं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली. पाच आखूड क्रियापदं त्याच्या वर, लाल पेनने. गौरीचं 'असावा म्हणजे सीआ' मुलाने लगेच उचललं, तो आता जेवताना मला विचारतो, 'आई, बाबा कुठे असावेत?' आणि मी उत्तर द्यायचं, 'क्रेदो के सीआ इन गाराज'.

शनिवारी सालुमेरियात (हॅम-सॉसेजच्या दुकानात) माझा नंबर आला. काउंटरमागचे आजोबा म्हणाले, 'दीका.' मी म्हटलं, 'मि दीआ दुए एत्ती दी कोत्तो, मा के सीआ ताल्यातो सोत्तीले.' (दोनशे ग्रॅम शिजवलेलं हॅम द्या, पण पातळ कापलेलं असावं.) दुसरं कोन्जुन्तीवो कागदावर नव्हतं, आपसूक आलं. आजोबांनी पहिला काप उचलून उजेडात धरून दाखवला, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि विचारलं, 'वा बेने कोझी?' (असं चालेल?) मग पुडी बांधून पुढे केली आणि म्हणाले, 'तेन्गा.' मला तिथेच हसू फुटलं.

काल मुलाला पुन्हा ताप आला. शाळेत फोन केला. 'इल मेदिको वुओले के स्तीआ अ कासा फीनो अ वेनेर्दी.' (शुक्रवारपर्यंत घरी.) न थांबता. बाई म्हणाल्या, 'चेर्तो, सिन्योरा. स्पेरो के ग्वारीस्का प्रेस्तो.' (हो, नक्की. तो लवकर बरा होवो.)

ग्वारीस्का! ग्वारीस्को वरून. फोन ठेवायच्या आत ओळखलं.

तुषार_तोरिनो

ब्रावा ताई! मुलाला आराम पडो.

प्रोफेस्सोरे_सदाशिवपेठ

'स्तीआ'चा जोर 'स्ती'वर होता ना?

मृदुला_क्रेमोना

'स्ती'वरच, सर. आणि ताप उतरलाय.